गर्दुल्ल्याचं पात्र

आदरणीय अध्यक्ष राजारामदादा, व्यासपीठावरचे आरोग्य खात्याचे अधिकारी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या अनुपमा नार्वेकर मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या वस्तीतल्या बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार.

आज सव्वीस जून, नशाविरोधी दिन. सकाळी शाळेच्या मुलांची फेरी घाटकोपर स्टेशनपर्यंत जाऊन आली. दुपारी शपथ झाली. आता हा निरोप. मी दशरथ अहिरे, सुयोगचा मोठा भाऊ. मला भाषण जमत नाही. राजारामदादा म्हणाले, "तू नाही बोलणार तर कोण बोलणार रे?" म्हणून उभा आहे.

मॅडम सरकारच्या व्यसन प्रतिबंध प्रकल्पात समुपदेशक. सुरुवातीला आपण त्यांना काय म्हणायचो? पावडरवाल्या बाई. त्यांच्या कानावर गेलं, तर हसून म्हणाल्या, "चला, निदान कुणाला माझा पत्ता विचारावा लागणार नाही."

तीन वर्षांपूर्वी प्रकल्पाचं पथनाट्य याच हॉलबाहेर झालं. आठवतंय ना? आपल्या वस्तीतला विशाल गर्दुल्ला झाला होता. डोळ्यांखाली काजळ फासून तो झोकांड्या खात आला आणि लोक पोट धरून हसले. सुयोग माझ्या शेजारी होता. मागून कुणीतरी ओरडलं, "ए सुयोग, तुझाच रोल करतोय बघ!" सुयोग म्हणाला, "झकास करतोय यार, माझ्यापेक्षा भारी." लोक आणखी हसले. मीही हसलो.

त्यानंतरच्या सोमवारी सुयोग उपचारासाठी मॅडमच्या केंद्रात जाणार होता. स्वतःहून तयार झाला होता. सोमवारी अंथरुणातून उठलाच नाही. "तिकडे पण हसतील, दादा." मी म्हणालो, "मग हसण्यासारखं वागू नकोस ना."

त्याच वर्षी दिवाळीआधी तो गेला.

मॅडम घरी आल्या. उपचाराला यायचं ठरवून मुलं मागे का फिरतात, याचा त्यांचा अभ्यास चालला होता. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दशरथ, ते नाटक मीच बसवलं होतं."

त्यांनी वरच्या साहेबांना लिहिलं, असं हसं केलं की मुलं लपतात. उत्तर आलं, नाटक लोकप्रिय आहे, चालू ठेवावे. मॅडमनी आपल्या भागात ते बंद केलं. त्याऐवजी आयांना बसवून शिकवलं, मुलाच्या खिशात काही सापडलं तर पहिलं काय बोलायचं. आपल्या चंपामावशी म्हणाल्या, "मॅडम, माझ्या तोंडात पहिली शिवीच येते." मॅडम म्हणाल्या, "मग शिवीनंतरचं वाक्य शिकू या."

आज वस्तीतल्या तेजलनं आणि तिच्या मंडळींनी मॅडमच्या मानासाठी तेच जुनं नाटक बसवलंय. जेवणाआधी होणार आहे. हेतू चांगला आहे, मला कळतं. पण तेजल, बाळा, ते करू नका. या हॉलमध्ये आजही कुणाचा तरी सुयोग बसला असेल. आणि त्याच्या शेजारी माझ्यासारखा हसणारा भाऊ.

मॅडम, तुमच्या आनंदाच्या दिवशी हे काढलं, याची लाज वाटते. न काढता खाली बसलो असतो तर जास्त वाटली असती. तुमचे उपकार आहेत. तुम्ही सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभार. शब्द वेडेवाकडे गेले असतील, तर पोटात घाला.

जेवायला थांबत नाही, राग मानू नका. घरी जाऊन कुकर लावतो. आता वाटीभर तांदूळ पुरतात मला.