पिवळी फडकी

आतून चटचट आवाज येत होता आणि तरी मागची फळी काढून हात घातलात, करीमभाई? — बंद होता म्हणजे काय झालं? बंद केलेल्या टीव्हीत करंट राहत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? हसू नका. साध्या टीव्हीत एक पिक्चर ट्यूब असते, ह्या पडद्यावर चित्र फेकणाऱ्या मोठ्या टीव्हीत तीन — लाल, हिरवी, निळी — आणि पंचवीस-पंचवीस हजार व्होल्ट. बटण बंद केलं तरी आत दबा धरून बसतात. चिकट पाणी गळतंय म्हणालात ना? ट्यूब थंड ठेवायला असतं ते. वायरीवर उतरलं की ठिणगी उडते. पूर्वी आमचे हे खोलीत अंधार करून बसायचे, निळी ठिणगी नेमकी कुठे दिसते ते बघत. — नाही, आता नाही बघणार. मोरा बंदरावरून टेम्पो करून आणलात, मला वाईट वाटतं, पण परत न्या.

आमच्या शिवराम भावोजींचं कळलं नाही का तुम्हाला? सगळ्या नेरूळला माहीत आहे. हे आणि भावोजी, दोघे भाऊ मिळून हे टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचे. ह्यांची एक पद्धत होती — स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधायची, वायर टीव्हीच्या लोखंडी सांगाड्याला, ड्रायव्हरचं टोक ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली, फट्ट करून करंट निघून जायचा, आणि ज्या ट्यूबचा निघाला तिच्यावर पिवळं फडकं टाकायचं. फडकं दिसलं की हात घालायचा, विचारायचं नाही. बावीस वर्षं हेच. गेल्या श्रावणात बेलापूरच्या एका हॉटेलातला असाच टीव्ही आला. ह्यांनी दोन ट्यूब मोकळ्या केल्या, तिसरीची टोपी निघेना, तेवढ्यात कुणीतरी बोलवायला आलं म्हणून हे बाहेर गेले. दुपारी भावोजी कळंबोलीहून आले, तीन फडकी बघितली, दोन्ही हात घातले. त्या झटक्यानं माणूस मरतोच असं नाही हो — मागे फेकले गेले, आणि डोकं रॅकच्या कोपऱ्यावर. मी मागं स्वयंपाकघरात होते. आवाज ऐकून धावले, तर —

लोक म्हणाले, दिनानाथचा निष्काळजीपणा. हेही तेच म्हणतात. "जयमाला, तिसरं मी कधी टाकलं गं? काही आठवत नाही. डोकं गेलं माझं." रोज विचारतात — जेवताना, मध्येच घास ठेवून. आता घरातला फ्यूजसुद्धा शेजारच्या पोपटरावांना बोलावून बदलून घेतात. जाऊ समोर आली की ह्यांची मान खाली. मी आपली समजूत घालते — विसरायला होतं माणसाला, असं. काय सांगणार दुसरं? सांगू का, की त्या दिवशी खाली पडलेलं होतं ते तिसरं फडकं, केर काढताना दिसलं, वाटलं वरून घसरलं असेल, धुळीत कशाला लोळायला हवं — झटकलं, आणि बाकी दोन ट्यूबवर होतं तसंच तिसरीवर नीट —

असं काय बघताय?

स्वयंपाकघरातच होते मी. नंतर. केर त्याआधी काढला. — नाही, कुणाला बोलले नाही. पाच महिने झाले. बोलणारच होते, त्याच दिवशी, पण पोलीस आले आणि हेच पुढं होऊन म्हणाले, साहेब, चूक माझी. मी दारात उभी. वाटलं, उद्या सांगू, माणसं पांगू देत. मग दहावा झाला, तेरावा झाला... ह्यांना खरंच वाटतंय की आपल्याला भ्रम झालाय, करीमभाई. चांगला हुशार माणूस. आणि मी त्यांना ताट वाढते.

तुम्हाला कशाला सांगितलं मी हे? तुम्ही कोण माझे? — नको, पाणी नको मला. टेम्पोवाला खोळंबलाय तुमचा. उचला तो टीव्ही, आणि पुन्हा हात घालू नका त्यात. जा तुम्ही आता. जा म्हणते ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयमालानं नवऱ्याला सगळं सांगितलं. दिनानाथनं ऐकून घेतलं, चप्पल पायात घातली आणि तिसरं फडकं कुणी टाकलं ते शिवरामच्या बायकोला सांगायला तो एकटाच कळंबोलीला गेला.