घडी घातलेला ई-मेल

आज तुम्ही पासवर्ड जपता, आमचा पासवर्ड सांगलीच्या सायबर कॅफेवाल्याकडंच असायचा. नव्व्याण्णव साल असेल. बायकोच्या छातीत गाठ आली होती आणि तिचा तुकडा तपासायला मुंबईला गेला होता. घरात आईलासुद्धा आम्ही सांगितलं नव्हतं. निकाल मुंबईचा भाचा ई-मेलनं कळवणार होता. कॅफेवाला म्हणाला, "आष्ट्याहून रोज कशाला हेलपाटा घालताय, काका? आला की छापून एसटीनं धाडतो."

चौथ्या दिवशी मी आष्ट्याच्या स्टँडवर उभा होतो. सांगलीची एसटी थांबली आणि ओळखीचा कंडक्टर दारातूनच ओरडला, "आवं गुरुजी, वहिनींची गाठ साधी हाय! कॅन्सर न्हाई!" आणि त्यानं छापील कागद माझ्या हातात दिला. खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, "ह्यानं वाचलं, आमी समद्यांनी ऐकलं, बाबा. शेवटच्या वळीपातूर जीव लय टांगणीला लागला हुता."

दुसऱ्या दिवशी मी सांगली गाठली. म्हटलं, "अरे, ते खासगी होतं!"

कॅफेवाला दुखावला. "म्हणून तर घडी घालून दिलं, काका. बाकीच्यांचं मी उघडंच पाठवतो."