अडकलेला व्हिडिओ

(नेपाळ, दोलखाच्या डोंगरातली शाळा. कार्यालयाच्या दाराशी हेडमास्तर टंकनाथ घिमिरे आणि चौथीच्या शिक्षिका यमकुमारी मगर.)

मिस : साडेबाराला, हेडसर. विज्ञानाच्या तासाला. म्हेन्दो बोलली.

हेडसर : कोण बोलली?

मिस : म्हेन्दो. फुर्बा तामाङची.

हेडसर : यमकुमारी मिस, एकच्या बोलेरोने बाप तिला न्यायला येतोय. खालच्या बाजारात मुक्या मुलांच्या शाळेत मी स्वतः शब्द टाकून जागा मिळवली. काल तिचं अंथरूण पुढे गेलं. आणि आज तुम्ही म्हणता, बोलली!

मिस : मी एकटीने नाही, सगळ्या वर्गाने ऐकलं.

हेडसर : खोकली असेल.

मिस : खोकल्यात ढग येतो का, सर?

हेडसर : ढग?

मिस : आधी ऐका तरी. मी चहाची किटली वर्गात नेली होती. उकळी आणली, झाकण उचललं आणि विचारलं, याला आतून पाणी कुठून लागलं?

हेडसर : किटली तुमच्याकडे होय! म्हणून मला अजून चहा नाही.

मिस : विचारलं आणि गप्प उभी राहिले. कोर्समधल्या त्या बाईसारखी.

हेडसर : कुठला कोर्स?

मिस : दसैंच्या सणाच्या सुट्टीत आपण सगळ्यांनी केला तो. शिक्षकांचा, फुकटचा, ऑनलाइन.

हेडसर : तो? त्यातला एक व्हिडिओच बिघडलेला होता. बाई प्रश्न विचारायची आणि अडकायची. टाकीवर चढून फोन धरला तरी तिथेच अडकायची. मी तक्रारसुद्धा केली होती.

मिस : मीही कितीदा फोन बंद करून चालू केला. गणिताचे सर म्हणाले, तेवढं पुढे सरकवा, परीक्षेत त्यातलं काही येत नाही. सरकवलं.

हेडसर : सगळ्यांनीच सरकवलं. प्रमाणपत्रं लागलीत की भिंतीवर.

मिस : व्हिडिओ अडकत नव्हता, सर. परवा मी तो पुन्हा लावला. बाईच्या मागे खिडकी आहे. तिचा पडदा हलत होता.

हेडसर : म्हणजे?

मिस : वाऱ्याने हलत होता. बाई मात्र तशीच उभी. पापणी लवली तिची, तेही दिसलं. ती अडकली नव्हती, थांबली होती. पोरांना विचार करायला वेळ देत होती. अख्खा धडाच त्याचा होता.

हेडसर : आणि आपण नेमका तेवढाच भाग ओलांडला.

मिस : आपल्याकडे समोरचं माणूस गप्प झालं की नेट गेलं असंच वाटतं ना.

हेडसर : बरं, थांबलात. पुढे?

मिस : आधी पासाङने हात वर केला, नेहमीसारखा. थांब म्हटलं. मग कुजबुज झाली, तीही संपली. सर, एरवी वर्ग गप्प असतो तो मला भिऊन. ही शांतता तशी नव्हती. सगळे झाकणाकडे बघत होते. त्यावरून एक थेंब पडला, त्याचा आवाज ऐकू आला मला.

हेडसर : किती वेळ चाललं हे?

मिस : घड्याळ बघितलं नाही. बघितलं असतं तर घाबरून मीच उत्तर सांगून टाकलं असतं. आणि मग मागच्या बाकावरून आवाज आला, “झाकण थंड आहे. वाफेला पुढे जाता येत नाही.”

हेडसर : म्हेन्दो?

मिस : कुणी मान वळवेना. वळवली तर ती थांबेल म्हणून. एवढी एवढी पोरं, सर, त्यांना हे कुणी शिकवलं? मग तिने उलट मलाच विचारलं, “आमच्या डोंगराला ढग अडतो, तेव्हाही असंच होतं का?”

हेडसर : अरे देवा.

मिस : किटली तिथेच ठेवून आले मी.

हेडसर : हे चौथीच्या पुस्तकात नाही.

मिस : नाहीच.

हेडसर : आवाज कसा आहे तिचा?

मिस : जाडसर. झोपेतून उठल्यासारखा.

(म्हेन्दोचा बाप फुर्बा दाराशी येतो. इथे त्याला ‘दाइ’, म्हणजे दादा, म्हणतात.)

फुर्बा : सर, गाडी लागली खाली. पोरीला सोडा.

हेडसर : फुर्बा दाइ, या. बसा जरा.

फुर्बा : बसायला वेळ कुठाय. ड्रायव्हर आधीच कुरकुरतोय.

मिस : दाइ, म्हेन्दो आज वर्गात बोलली.

फुर्बा : चेष्टा करू नका, मिस.

हेडसर : चेष्टा नाही. वर्गाने ऐकलंय.

फुर्बा : आई कुवेतला गेली तेव्हापासून घरात तिचा शब्द नाही. आईचा फोन आला की मी तिच्या कानाला लावतो. तिकडे आई रडते, इकडे ही ऐकते. शेवटी मीच फोन घेतो, सांगतो, बरी आहे.

मिस : किती वेळ धरता फोन?

फुर्बा : धरणार किती? तिकडे मालकीण हाक मारते. सर, आजची जागा गेली तर परत नाही, असं तुम्हीच म्हणालात.

हेडसर : म्हणालो. आणि ते खरं आहे. संध्याकाळपर्यंत पोचली नाही तर दुसऱ्या मुलाला देतील.

फुर्बा : मग? एकदा बोलली म्हणून ठेवून घेऊ? उद्या पुन्हा गप्प झाली तर?

मिस : मला माहीत नाही.

फुर्बा : तुम्हाला माहीत नाही तर मला कसं कळणार?

हेडसर : कुठे आहे ती आत्ता?

मिस : वर्गातच. बाकीची पोरं खाऊ खायला गेली.

हेडसर : दाइ, तिलाच विचारा. जायचं की राहायचं. आणि विचारून झालं की...

फुर्बा : की काय?

हेडसर : गप्प बसा. मी ड्रायव्हरकडे बघतो.

(थोड्या वेळाने, चौथीच्या वर्गाबाहेर.)

मिस : हेडसर, आलात? इथून बघा, खिडकीतून. आत जाऊ नका.

हेडसर : विचारलं त्याने?

मिस : विचारलं. तिच्यासमोर जमिनीवर बसलाय.

हेडसर : ती?

मिस : खाली बघतेय.

हेडसर : गाडीतली माणसं खोळंबलीत. मला काय काय ऐकवलं त्यांनी.

मिस : हळू बोला, सर.

हेडसर : बोलली का?

मिस : अजून नाही. पण तोही उठलेला नाही.