वैनीच्या नावावरची गाडी

त्या शोरूमच्या पोट्ट्यानं मले इचारलं होतं. हे मी आजपर्यंत कोणाजोळ बोललो नाई सर, माह्या बायकोजोळबी नाई. लोकायले वाटते मले माहीत नव्हतं. ज्याले थोडंफार समजलं तोबी म्हणते का डायव्हर माणूस, त्याले कागदातलं काय समजते. पण मले माहीत होतं. त्यानं साफ इचारलं होतं अन् मी नाई म्हटलं होतं. एवढं पयले लिहून घ्या, मंग बाकीचं सांगतो, नाई तं मी इकडचं तिकडचं सांगत बसीन अन् हे राहूनच जाईन.

आमचं गाव रोहण्याच्या अलीकडं. बाप मी लहान असतानाच गेला, त्याचा चेहराबी मले धड आठवत नाई. मले वाढवलं माह्या भावानं. भाऊ हिंगणघाटले जिनिंगमधे हमाल होता, कापसाच्या गठाणी उचले, सणावाराले घरी येये तवा त्याच्या कानात, भिवयात कापूस राहे अन् माय त्याले ओसरीतच बसवून झटके. मले शाळा काई जमली नाई. भावानं म्हटलं, गठाणी तू नको उचलू, गाडी शिक, बसून काम करजो. लायसन त्यानंच काढून देल्लं. मंग मी लोकायच्या गाड्या चालवल्या, आज याचा मेटाडोर, उद्या त्याचं ट्रॅक्टर, अन् शेवटी एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची पिकअप. काय सांगू तुम्हाले, दुसऱ्याची गाडी चालवणं म्हणजे दुसऱ्याचे डोळे पाठीवर घेऊन फिरणं. डिझल एवढं कसं जळलं, टायर एवढं कसं घासलं, रस्त्यात कोणाले बसवलं. एकडाव मी उगीच हॉर्न वाजवला तं सेठ म्हणे, काऊन रे, हॉर्न तुह्या बापानं बसवला का? तवापासून माह्या डोक्यात एकच, आपली गाडी पायजे.

भाऊ गेला छातीच्या दुखण्यानं. सेवाग्रामले भरती केलतं, तिथल्या लोकायनं लय केलं, पण तो राह्यला नाई. मांगं वैनी अन् तिची पोरगी विशाखा. वैनी म्हणजे सुमन, साऱ्या मोहल्ल्याची सुमनवैनी. रडत बसणारी बाई नाई ते. बचत गटात गेली, मिरची कुटली, शेवया केल्या, पापड केले, पोरीच्या नावानं विशाखा गृहउद्योग काढला. गटाच्या मॅडमनं तिले सरकारी नोंदणी करून देल्ली, नंबर घेऊन देल्ला, रबरी शिक्का बनवून देल्ला. तो शिक्का वैनी पावडरच्या डबीत ठेवे अन् मसाल्याच्या एकेका थैलीवर असा जपून मारे, जसं काई नोट छापून राह्यली.

पण घर तिचं म्हणजे काय घर. वाटणीत माह्याकडं आलेली बाजू मी इटांची करून घेतली होती. तिची बाजू मातीचीच राह्यली, मांगची भीत बाहेर झुकलेली, तिले दोन लाकडी बल्ल्यांचा टेका. घरकुलाच्या सर्वेत तिचं नाव आलं, ग्रामसभेत वाचूनबी दाखवलं. त्या दिवशी वैनीनं मोहल्ल्यात साखर वाटली. अंगणात खडूनं रेघा मारून मले दाखवे, भाऊजी, इथं खोली, इथं सैपाक, अन् इथं न्हाणी, दार लागणारी न्हाणी. विशाखा मोठी होऊन राह्यली होती ना.

अन् तवाच मी गाडी घ्याले निंगालो.

वर्धेच्या शोरूममधे तो पोट्टा होता, टाय घातलेला, गोड बोलणारा. म्हणे काका, तुमच्या नावावर घेतली तं जे लिहिलं तेच भाव. पण फर्मच्या नावावर घेतली तं कंपनीकडून बिझनेसवाल्याची सूट हाये, वरून ताडपत्री, जाळी अन् पयल्या साली सर्व्हिसिंग फ्री. मी म्हटलं, अरे मी धंद्यासाठीच तं घेऊन राह्यलो, जिंदगी गेली माही माल वाहण्यात. तो हासला. म्हणे ते मले दिसते काका, कंपनीच्या कंप्युटरले नाई दिसत, कागदावर धंदा पायजे. मी म्हटलं काढतो कागद. म्हणे आज काढलेला नाई चालत, जुनी फर्म पायजे, अन् सूट महिनाअखेरलोकच हाये.

ती सूट म्हणजे, सर, मी त्या सेठकडं साल दोन साल राबलो असतो तरी तेवढं मांगं पडलं नसतं. ती नसती तं पयला भरणाच जमत नव्हता. मले वैनीचा शिक्का आठवला.

त्या पोट्ट्यानं मले सारं समजावून सांगतलं. म्हणे फर्म बाईची, म्हणजे गाडी बाईची, आरसी बाईच्या नावानं येईन, कर्ज बाईच्या नावानं, तुमी फकत चालवणार. मी म्हटलं घरचीच हाये, काई फरक पडत नाई. मंग पेन खाली ठेवून तो म्हणे, काका, एक इचारू, बाईचं घरकुल-बिरकुल काई चालू तं नाई ना? चारचाकी नावावर आली का नाव कटते, मांगं एका कस्टमरचं झालं तसं. बाहेर अंगणात ती पांढरी पिकअप उभी होती, तिच्यावरचं प्लास्टिकबी निंगालं नव्हतं. अन् मी म्हटलं, नाई, तसं काई नाई.

आता त्या पोट्ट्याले काय दोष देऊ. त्यानं तं आपलं काम इमानदारीनं केलं.

घरी येऊन मी वैनीले म्हटलं, वैनी, सूट भेटते, तुमचा शिक्का अन् सही लागते. बस, शिक्का अन् सही, याच्याउप्पर मी काई सांगतलं नाई. ते म्हणे, काय भाऊजी, माहा शिक्का मसाल्यासाठी हाये, आता ट्रकवरबी मारता का? घ्या मारून, पण धुऊन वापस देजा, शाई लागते. अन् शोरूममधे त्यायनं जिथं बोट ठेवलं तिथं तिनं सही केली, एकेक अक्षर काढून. मी बाजूलेच बसलो होतो. एकडावही तिनं इचारलं नाई का हे काय हाये.

गाडी भेटली त्या दिवशी शोरूमवाल्यायनं नारळ आणला, हार आणला. वैनी म्हणे नारळ राहू द्या भाऊ, आमी त्रिशरण घेतो. अन् बोनेटसमोर हात जोडून उभी राह्यली अन् खणखणीत आवाजात म्हणाले लागली, तं ते टायवाले पोट्टेबी गुपचूप हात जोडून उभे. मंग त्यायनं पुठ्ठ्याची ती मोठी चाबी आणली, फोटोसाठी, मालकाच्या हातात देतात ते. ती वैनीच्या हातात देल्ली. वैनीले वाटलं भाऊजीनं मोठेपण म्हणून मले पुढं केलं. तिच्या डोळ्यात पाणी आलं सर. म्हणे तुमचे भाऊ पायजे होते आज. मी फोटोत मांगं उभा हाये, खाली पाहून.

गाडी चांगली चालली. संत्रा, भाजीपाला, सणासुदीले बिछायतीचं सामान, अन् दसऱ्याले सारा मोहल्ला घेऊन नागपूरले दीक्षाभूमीवर. लोकं मले मालक म्हणाले लागले. अन् तो शब्द, काय सांगू, लय गोड लागते.

मंग घरकुलाची तपासणी आली. वैनीच्या अर्जावर फोन नंबर माहा होता, कारण तो मीच भरला होता. ग्रामसेवकाचा फोन मलेच आला. नवीन पोरगा होता, पयलीच नोकरी, सारे त्याले साहेब म्हणत. म्हणे काका, सुमनताईच्या नावानं चारचाकी दिसते. मी म्हटलं चूक असन साहेब. म्हणे चूक नाई, मी पाह्यलं, गाडी तुमी चालवता तेच हाये. तुमी दोघं मिळून लिहून द्या का गाडी तुमची हाये, ताईची फकत फर्म वापरली, मी वर पाठवून पाहतो, होईन काईतरी. भला माणूस. वाट सांगत होता.

पण लिहून द्याचं म्हणजे सुटीचं खोटं कबूल कराचं. मी आरटीओच्या एका एजंटाले इचारलं, तो म्हणे कर्ज फिटेलोक नाव बदलत नाई, अन् असं लिहून देल्लं अन् फायनान्सवाल्यायले समजलं तं गाडी ओढून नेतीन. नेली असती का नाई, मले आजबी माहीत नाई. मी भेलो. साहेब फोन करे, मी म्हणे उद्या आणतो, मंग फोन उचलणंच बंद केलं.

ग्रामसभेत यादी वाचली, सुमनवैनीचं नाव नाई. ते उठली, म्हणे साहेब, माहं राह्यलं. साहेब म्हणे ताई, तुमच्या नावानं गाडी दिसते. वैनी म्हणे माह्या नावानं? बाप्पा, मले तं सायकलबी येत नाई. सारे हासले. तो पोरगा नाई हासला. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मले बोलाची संधी देऊन राह्यला होता. अन् मी उठलो अन् जोऱ्यानं म्हटलं, काऊन साहेब, विधवा बाईची थट्टा करता का? कोणाचं नाव घुसवलं तिच्या जागी, किती खाल्ले?

मंग काय, सारी सभाच उठली. पोट्टे त्याच्या टेबलाभोवती गेले. त्यानं कागद दाखवाले काढले तं ते कोणीतरी हिसकले. अर्ज झाला त्याच्याविरुद्ध, पयली सही माही. बदली झाली त्याची. वैनी आजबी त्याले शिव्या देते.

मी मनात ठरवलं होतं का गाडीच्या कमाईतून वैनीच्या दोन खोल्या मीच बांधून देईन. खरंच ठरवलं होतं सर. पण हप्ता, डिझल, टायर, माह्या पोराची फी, दर साली वाटे, पुढच्या साली. त्या बल्ल्या सडल्या, भीत एका सकाळी बसली. वैनी अंगणात होती म्हणून वाचली. माह्याकडं राहाले आणलं, पण एका सैपाकघरात दोन बाया, बायकोचं अन् तिचं जमलं नाई. बायको म्हणे, आपण काऊन पोसावं, आपण काय देणं लागतो त्यायचं? मी भाकर खात होतो, मान खाली घालून खात राह्यलो. विशाखाचं लगन झालं होतं हिंगणघाटले, वैनी तिच्याकडं गेली. मिरची कुटणं बंद, शेवया बंद. जावई वाईट नाई, पण जावयाचं घर ते. ते बाहेरच्या गॅलरीत झोपते, अन् तो कामावरून यायच्या वखती उठून इकडं तिकडं जाऊन बसते, त्याले अडचण नको म्हणून.

त्या साहेबाची मले एकडाव भेट झाली, वर्धेच्या बसस्टँडवर. मी तोंड फिरवलं, पण त्यानंच आवाज देल्ला. केस पिकले होते त्याचे एवढ्या लहान उमरीत. मले वाटलं आता काढते भडास. तो म्हणे, काका, सुमनताईचं घर झालं का?

मी म्हटलं, झालं.

तो म्हणे, बरं झालं. अन् बसमधे चढला.

कर्ज फिटलं, नाव बदललं, गाडी आता माह्या नावानं हाये, खटारा झाली हाये. कागद घेऊन मी पंचायतीत गेलो. आता मॅडम हायेत तिथं. त्यायनं नीट ऐकून घेतलं, म्हणे ते यादी बंद झाली काका, अन् आता ताई गावात राहतबी नाई, नवीन सर्वेत त्यायले कसं घ्याचं? बरोबरच बोलत होत्या. मी उठून आलो.

मंग यंदा गेलो हिंगणघाटले. वैनी एकटीच होती, गॅलरीत लसूण सोलत. मी म्हटलं वैनी, त्या साहेबाची चूक नव्हती. गाडी खरंच तुमच्या नावावर होती, मी केलती, सुटीसाठी, मले माहीत होतं. तिनं हातातला लसूण खाली ठेवला. मंग म्हणे, भाऊजी, तुमचं मन मोठं हाये. त्या मेल्याचं पाप तुमी काऊन आंगावर घेता? मी म्हटलं नाई वैनी, ऐका, खरं सांगून राह्यलो. तं ते हासाले लागली. म्हणे माही गाडी होती अन् मी एसटीत उभी राहून फिरली का? जा तिकडं, चहा मांडते. मी पुन्हा सांगाले गेलो तं तिनं हात वर केला, म्हणे बस भाऊजी, आता नका सांगू. माहं म्हणावं असं माणूस तुमीच राह्यले हा.

आता मले समजत नाई का तिनं ऐकलं नाई का ऐकून सोडून देल्लं. चहा घेतला अन् आलो. पुन्हा सांगाची माही हिंमत नाई, अन् सांगून तिच्याजोळ उरते काय, तेबी समजत नाई. म्हणून तुमच्याजोळ बोललो. नावं बदलू नका म्हणत होतो, पण तिचं बदला, तिले जावयाच्या घरी राहाचं हाये.

गाव सोडून गेलेल्या सुमनवैनीचं मी दोन खोल्या अन् एका न्हाणीचं घर देणं लागतो. त्या साहेबाचं भर सभेत घालवलेलं नाव देणं लागतो. आता या उमरीत मले कोणी गाडीवर डायव्हर ठेवत नाई अन् माही गाडीबी चालत नाई, ही दोन्ही देणी माह्याच्यानं फिटणार नाई. पण लागतो.