विलायती बुढ्याचा उंच सूर

भिलाईच्या सेक्टर सहात कानाच्या डॉक्टरकडे शैलाताई नंबर लावून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर चंपत बळीरामच्या कानाशी ओरडत होता.

“तुझा तो विलायती रॉकवाला बुढा झाला! नव्या कॅसेटमध्ये उंच सूर लागूनच नाही राहिला त्याले!”

“मले तरी कुठं ऐकू येते उंच सूर? आमचं दोघांचं बरोबर जमते.”

“दहा वर्षांनी कोण ऐकंन त्याले?”

“मी. पाठ आहे मले सगळा. कान कायले लागते?”

चंपत पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी बोलला. शैलाताईंना ते ऐकू आलं.

“बळीराम मेश्राम!” नर्सनं दोनदा पुकारलं. चंपतनं त्याचा हात धरून उठवलं.

“ओढतं कावून? आधी कबूल कर, तो मोठा आहे म्हणून!”

“केलं ना आताच!” चंपत पुन्हा त्याच्या कानाशी ओरडला.

“कधी?”

“हळूच केलं.”