स्टिअरिंगवरचे पिवळे फडके

पुरवणी जबाब. गुरुवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

जबाब देणारा: अपघातात मयत झालेल्यांचा मेहुणा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ. वय ६४ वर्षे. धंदा: कारखान्यात टर्नर होतो, आता निवृत्त. राहणार: मयतांच्या घरामागच्या गल्लीत, जिना चढून डावीकडची खोली.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन सांगतो की, मला कोणी बोलावलेले नाही, मी आपणहून आलो आहे. माझा पहिला जबाब रविवारी दुपारी दवाखान्यात घेतला होता. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली, ती आज सांगतो. ‘मयत’ हा शब्द हवालदारांनी घातला आहे. मी त्यांना एकेचाळीस वर्षे दाजी म्हणतो. पुढे दाजीच लिहावे, अशी विनंती केली व ती त्यांनी मान्य केली.

दाजींचे वय ७२ होते. जमीन मोजणीच्या खात्यातून ते निवृत्त झाले. घरी ते आणि माझी थोरली बहीण, तिला मी ताई म्हणतो, अशी दोघेच. त्यांना मूलबाळ नाही. गाडी होती. ती दाजींच्या मावशीची. मावशी सुईण होत्या आणि रात्री-अपरात्री त्याच गाडीने बाळंतपणाला जात. त्या गेल्यावर गाडी दाजींकडे आली, तेव्हापासून गाडीचेच नाव मावशी पडले. रंग फिकट हिरवा. वय माझ्यापेक्षा दोन वर्षांनी कमी, पण सांधे माझ्यापेक्षा बरे, असे दाजी चारचौघांत म्हणत.

एकतीस वर्षे मी आणि दाजींनी ती गाडी मिळून सांभाळली. बाहेरच्या मेकॅनिकचा हात तिला लागू दिला नाही. बाजारात न मिळणारे बरेच भाग मी लेथवर काढून दिले आहेत. दाराच्या बिजागरीच्या पिना, पाण्याच्या पंपाची दांडी, गिअरच्या काठीची मूठ हे सगळे माझ्या हातचे. दाजी मला ‘मेहुणे’ अशीच हाक मारीत. काम बिघडले की, ‘मेहुणे, तुमच्या घराण्याने मला दोनच गोष्टी दिल्या, एक तुमची बहीण आणि दुसरी ही डोकेदुखी,’ असे म्हणत. गाडी त्यांच्या मावशीची, आमच्या घराण्याचा तिच्याशी काय संबंध, असे मी विचारी. यावर ताई आतून हसायची. मुद्द्यावर या, असे हवालदार म्हणाले. हाच मुद्दा आहे.

दर रविवारी सकाळी साडेसातला गाडी बाहेर निघे. पुढे दाजी आणि ताई, मागे मी. मागच्या सीटची एक स्प्रिंग टोचते, ती बसवायची राहिली आहे. टेकडीवरून तळ्यापर्यंत अकरा किलोमीटर रस्ता आहे. दाजी ताशी चाळीसच्या वर जात नसत. मागची वाहने भोंगे वाजवत, तेव्हा ते हात बाहेर काढून पुढे जा अशी खूण करीत आणि ताईला म्हणत, ‘बघ, सगळे आपल्याला भेटायला येतात आणि घाईने निघून जातात.’ चढावर ‘चल गं मावशी’ म्हणत. तळ्यावर पोचलो की बॉनेट उघडून ठेवीत. काही बिघडलेले नसे. कोणी थांबून इंजिन बघितले की त्यांना बरे वाटे. ताई थर्मासमधून चहा ओतायची. तेवढेच आमचे सुख होते आणि ते पुष्कळ होते.

आता फडक्याबद्दल सांगतो. कारखान्यात एखादे मशीन उघडले की ज्याने उघडले तो त्यावर आपली पाटी लावतो. ती त्याच्याशिवाय कोणी काढायची नाही. तीच पद्धत मी गाडीला लावली. काम अर्धे राहिले की स्टिअरिंगला लाल फडके बांधायचे. फडके असेपर्यंत किल्ली लावायची नाही. ताईलाही हे माहीत आहे. लाल फडक्याला तिने कधी हात लावला नाही.

गेल्या दोन वर्षांत दाजी विसरू लागले होते. हे मी पहिल्या जबाबात सांगितले नाही, कारण ताई शेजारच्या खाटेवर होती. गॅस बंद केला का, ते तीन-तीनदा विचारीत. एकदा चष्मा डोळ्यांवर असताना आम्ही दोघांनी तासभर शोधला. मीही शोधला, कारण ते फार घाबरले होते. गाडी चालवताना मात्र त्यांचे काही चुकत नसे. पण आदल्या दिवशी कोणता नट सोडला, हे त्यांना दुसऱ्या दिवशी सांगता येत नसे. ते मला म्हणाले होते, ‘मेहुणे, मी डोक्यावर आता भरवसा ठेवत नाही, फडक्यावर ठेवतो.’ रोज सकाळी ते आधी खिडकीतून स्टिअरिंगकडे बघत आणि मग किल्ली उचलत.

शनिवारी दुपारी तीनपासून आम्ही पुढच्या चाकाचा ब्रेक उघडला होता. या जुन्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकचे तेल एकाच नळीतून जाते. एका जागी गळले की चारही ब्रेक जातात. चाकाशी जिथे नळी जोडते तिथला तांब्याचा वायसर, म्हणजे तेल अडवणारी चकती, झिजलेला दिसला. नवा सोमवारी आणायचे ठरले. तोवर जुनाच घालून नट बोटांनी फिरवून ठेवला. पान्याने आवळू नका, आटे मरतील, असे मीच म्हणालो. मग मी चाकाशी बसलो, दाजी पेडलवर. ‘दाबा’, ‘धरा’, ‘सोडा’ असे करीत नळीत शिरलेली हवा काढली. पेडल दगडासारखे कडक आले. उभ्या गाडीत ते कडकच लागते. उतारावर चार वेळा जोराने दाबले की तेल बाहेर येणार, हे मला माहीत होते. दाजींनाही शनिवारी माहीत होते.

फडके बांधायची वेळ आली तेव्हा लाल फडके ब्रेकच्या तेलात भिजून पडले होते. मी स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावरचे पिवळे फडके उचलून आणले. दाजी म्हणाले, ‘अहो, हे तुमच्या बहिणीचं. रागावेल.’ मी म्हणालो, ‘दोन दिवसांचा प्रश्न आहे, कोणतंही चालेल.’ हे वाक्य माझे आहे. ते जसेच्या तसे लिहावे. दाजींनी फडके बांधले. ताई त्या वेळी घरी नव्हती, समोरच्या शिंपिणीकडे ब्लाउज टाकायला गेली होती. आम्ही तिला काही सांगितले नाही. साडेपाच वाजता मी घरी गेलो. रविवारी गाडी निघणार नाही असे मी धरून चाललो होतो, म्हणून साडेसातला गेलो नाही.

रविवारी सव्वाआठला शेजाऱ्यांचा फोन आला. पुढचे पंचनाम्यात आहे. ताईने मला सांगितले ते असे, की तळ्याच्या अलीकडच्या उतारावर दाजी म्हणाले, ‘ब्रेक लागत नाही.’ अगदी साध्या आवाजात म्हणाले. मग म्हणाले, ‘घट्ट धरून बस.’ त्यांनी हातब्रेक ओढला, गिअर खाली टाकला. वेग कमी झाला पण गाडी थांबेना. पुढे वळण होते, त्यानंतर खोल उतार. दाजींनी गाडी वळणावरच्या दगडी भिंतीला घातली. भिंतीला त्यांनी आपली बाजू दिली. ताईच्या बाजूची काचसुद्धा फुटलेली नाही. ताईचा हात मोडला आहे आणि दोन बरगड्यांना तडा आहे. ती पुढच्या आठवड्यात घरी येईल, असे डॉक्टर म्हणतात.

मी गाडी पाहिली आहे. स्टिअरिंगवर फडके नव्हते.

फडके कोणी काढले असे विचारल्यावरून सांगतो की, मी काढले. रविवारी सकाळी साडेसहाला मी दूध आणायला निघालो, तेव्हा त्यांच्या अंगणातून गेलो. ताईचे फडके गाडीला दिसले. ती रागावेल म्हणून सोडले, मोरीत धुतले आणि तारेवर वाळत घातले. ते कशासाठी बांधले होते, हे त्या क्षणी ध्यानात आले नाही. नंतर दाजींनी खिडकीतून पाहिले असेल. त्यांना फडके दिसले नाही, म्हणून ते निघाले. त्यांची चूक नाही. त्यांनी पद्धत पाळली. ताईला यातले काहीही माहीत नाही.

पहिल्या जबाबात आपण फोन येईपर्यंत घरीच होतो, दाढी करत होतो, घराबाहेर पडलो नव्हतो असे सांगितले आहे, मग खरे काय, असे हवालदारांनी विचारले. आजचे खरे धरावे. रविवारी माझे मन ठिकाणावर नव्हते.

आदल्या संध्याकाळी स्वतः आणलेले फडके सकाळी कसे विसरलात, असे विचारले. विसरलो. माझेही वय झाले आहे.

फडके कोणत्या साबणाने धुतले, असे विचारले. साबण तो साबण. मला त्यातले कळत नाही.

फडके मी सोबत आणले आहे. हवालदारांनी ते टेबलावर उलगडून पाहिले. त्यावर तेलाचा एकही डाग राहिलेला नाही. कडा ताणून सारख्या केलेल्या आहेत, वर दोन चिमट्यांच्या खुणा आहेत. ते म्हणाले, ‘काका, मी घरी रोज बघतो, असं फडकं बाईमाणूसच वाळत घालते.’ मी म्हणालो, ‘मला माझ्या बहिणीने वाढवलंय. तिच्याच हाताखाली शिकलो.’ आमची आई लवकर गेली. मी सहा वर्षांचा होतो आणि ताई तेरा. हे खरे आहे.

फडके तारेवरून कधी काढले, असे विचारल्यावरून सांगतो की, काल संध्याकाळी. काल दुपारी मी ताईजवळ बसलो होतो. ती म्हणाली, ‘अरे, तारेवरचे कपडे चार दिवस तसेच असतील, काढून ठेव.’ आणखी काय म्हणाली, असे विचारले. आणखी काही म्हणाली नाही. हवालदारांनी हाच प्रश्न पुन्हा विचारला. मी पाणी मागितले. त्यांनी पाणी दिले. आणखी काही म्हणाली नाही, असे मी पुन्हा सांगतो.

यानंतर हवालदारांनी पेन खाली ठेवला आणि मला विचारले, ‘काका, तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, कळतंय ना?’ मी म्हणालो, कळते, पेन उचला. ते म्हणाले, ‘बहिणीला कळलं तर तिला काय वाटेल? भावामुळे नवरा गेला असं वाटेल ना?’ मी म्हणालो, वाटू द्या. माझ्यावर ती रागावेल. वर्षभर बोलणार नाही. रागावून माणूस जगतो. आमची ताई रागावली की भांडी जोरात आपटते, पण जेवते.

माझी विनंती अशी की, ताईचा जबाब घ्यायला कोणी गेले तर तिला फडक्याबद्दल विचारू नये. लाल का पिवळे, असेही विचारू नये. तिने स्वतः विषय काढलाच, तर माझा हा कागद तिला वाचून दाखवावा. तिला पिवळ्या फडक्याचे काही आठवले तरी तिचे औषध चालू आहे, तिला दिवस नीट सांगता येत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. गाडी मात्र भंगारात देऊ नये. मागची स्प्रिंग मी बसवणार आहे. दाजींना मी तसा शब्द दिला होता आणि दर रविवारी पुढच्या रविवारवर ढकलत होतो.

फडके परत देऊ का, असे हवालदारांनी विचारले. मी नको म्हणालो. ते ताईच्या नजरेस पडता कामा नये. ते जमा करून घ्यावे. नोंद काय करू, असे विचारल्यावरून मी सांगितले ते त्यांनी असे लिहून घेतले: स्वयंपाकघरातले पिवळे सुती फडके एक, धुतलेले. कोणी धुतले, तो रकाना त्यांनी कोरा ठेवला होता. मी तो माझ्यासमोर भरून घेतला. त्यात माझे नाव आहे.

हा जबाब मला पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवला. मी जे सांगितले तेच यात उतरले आहे. यात मला एकही शब्द बदलायचा नाही, उद्याही बदलणार नाही. खाली माझी सही आहे.