दोरा तोडणारा दात

आम्ही मूळचे कुडाळकडचे. वडील मुंबईत गिरणीत, आई घरी परकर-पोलकी शिवायची, त्यामुळे शिवण मला कुणी शिकवायची वेळच आली नाही, आठव्या वर्षी काजं करत होते आणि आईसारखीच दोरा दातानं तोडत होते. आई ओरडायची, आंगावरच्या कापडाचो दोरो दातान तोडू नको गो, पण हातातल्या कापडाला कोण काय बोलणार? लग्न होऊन मुलुंडला आले, संपानंतर ह्यांची गिरणी गेली, तेव्हा मी शिवणाच्या कारखान्यात लागले. शर्टाच्या कॉलरी. दिवसभर मशीन आणि दात, मशीन आणि दात.

आणि मग मोरीत पाय घसरला, तोंड नळावर आपटलं, वरचा पुढचा एक दात गेला, मुळासकट. दुखलं ते थांबलं, पण तोंड उघडायची चोरी झाली. दोन महिने पदर तोंडाला लावून बोलत होते. शेजारच्या मशीनवरची शालन म्हणाली, काय गं, नवी नवरी झालीस की काय, जा ना त्या स्टेशनजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे.

गेले. डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला आणि पहिलाच प्रश्न, शिवणकाम करता? मी चाट. म्हटलं, तुम्हाला कोण बोललं? तर म्हणे, तुमचा दात. हातात आरसा देऊन दाखवलं, पडलेल्या दाताच्या शेजारच्या दाताला खालच्या कडेला बारीक खाच, बरोबर दोरा बसेल एवढी. इतकी वर्षं दात घासतेय, काय सांगू ताई तुम्हाला, कधी दिसली नव्हती.

मग त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक पक्का, त्याला ब्रिज म्हणतात, दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि मधला खोटा दात त्या टोप्यांना जोडलेला. काढायची भानगड नाही, दिसायला झकास. दुसरी काढता-घालता येणारी कवळी, टाळूला गुलाबी तुकडा, त्याला एक दात, आणि मागच्या दातांना धरायला तारेचे आकडे. रोज काढून धुवायची. डॉक्टरांचा कल पक्क्याकडे. मी विचारलं, घासलेला दात परत वाढतो? नाही म्हणाले. मग टोपीनं दोरा तुटेल? ते हसले, म्हणाले, बाई, कात्री घ्या. मी म्हटलं, कात्री उचला, कापा, ठेवा, तेवढ्यात दुसरी कॉलर होते. चांगला दात मी घासू देणार नाही, कवळीच करा.

ताटलीत थंडगार लगदा भरून वर दाबला, ते माप. त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मेणात दात बसवून ट्रायल, अगदी आमच्या कच्च्या टाक्यांसारखं. मी सगळं विचारत होते, वैतागले असतील. रंग जुळवायला पट्टी काढली, बटणांच्या कार्डावर बटणं असतात तसे ओळीनं दात. त्यांनी ट्यूबलाइटखाली एक पांढराशुभ्र निवडला. म्हटलं थांबा, ट्यूबखाली रंग दगा देतो, आम्ही रीळ दारात नेऊन जुळवतो. आरसा घेऊन खिडकीशी गेले आणि चांगला पिवळट निवडला. डॉक्टर बघतच राहिले, म्हणाले, तुमचंच बरोबर.

पहिले आठ दिवस बोलताना शिट्टी वाजायची. शालनला हाक मारली की सगळी लाइन हसायची. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचायला सांगितलं होतं, म्हणून ह्यांना रोज पेपर वाचून दाखवला, ते बिचारे गुमान ऐकायचे.

पदर सुटला तो सुटला. पण पहिल्याच दिवशी मशीनवर दोरा तोंडाकडे नेला, तो आपसूक खाचेत बसला, आणि डोळ्यांसमोर आरशातला तो दात आला. हात तिथेच थांबला. एवढं भांडून वाचवला, आणि मीच कातरतेय की. संध्याकाळी छोटी कात्री आणली, नाडीनं गळ्यात अडकवली. शालन म्हणते कशी, मग घासू द्यायचास ना डॉक्टरला, भांडलीस कशाला? म्हटलं, माझा आहे म्हणून.

चार वर्षं झाली त्याला. कॉलरी थोड्या कमी होतात, होऊ देत. खाच होती तेवढीच आहे, मी अधूनमधून खिडकीशी जाऊन बघते. तुम्हीही घरी शिवता म्हणालात ना ताई? आ करा बघू. अशा नाही, इकडे उजेडाकडे वळा. आहे की! आजच कात्री घ्या, आणि तुमचे सगळे दात तुमच्याच तोंडात राहोत.